‘आय नो’ म्हणून भागत नाही: ओळख सांगणारे इंग्रजी शब्दबंध

(ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करणाऱ्या मंडळींसाठी या भागाची संहिता. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

  

आजचा विषय तसा छोटा वाटेल. एखादी गोष्ट, एखादा माणूस, एखादं काम आपल्याला किती ओळखीचं आहे, हे इंग्रजीत सांगायचं कसं? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ‘आय नो’ म्हटलं की झालं. मीही बरीच वर्षं असंच समजत होते. मग एक ईमेल आली आणि माझे डोळे उघडले. सुरुवात त्या ईमेलपासूनच करते.

माझ्या संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गात मिरजेची एक सिस्टर होती. अकरा वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली. तिला परदेशात नोकरी हवी होती, म्हणून ती माझ्याकडे बोलण्याचं इंग्रजी शिकत होती. रात्रपाळी करून आली तरी वर्ग बुडवायची नाही. मी वीस-वीस शब्दबंधांच्या याद्या द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्या त्या तोंडपाठ असायच्या. व्हिडिओवर मुलाखत झाली. तीही खूश, मीही खूश. आठवड्याने उत्तर आलं, ते तिने मला पाठवलं. त्यात साधारण असं होतं की, उमेदवाराला अतिदक्षता विभागाचा सध्याचा अनुभव नाही.

सध्याचा अनुभव नाही! आदल्या रात्री बाई व्हेंटिलेटरवरच्या दोन पेशंटपाशी उभी होती.

मी तिला फोन केला. म्हटलं, तू नेमकं काय बोललीस, शब्द न् शब्द सांग. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकवलेलंच बोलले. आय यूज्ड टू हँडल व्हेंटिलेटर पेशंट्स.”

बघा, कुठे अडलं ते. तिच्या मनात मराठी वाक्य होतं, ‘मी व्हेंटिलेटरचे पेशंट सांभाळत असते.’ ऐकणाऱ्याने ऐकलं, ‘मी पूर्वी सांभाळायचे, आता नाही.’ तिला म्हणायचं होतं ‘आय ॲम यूज्ड टू हँडलिंग व्हेंटिलेटर पेशंट्स’, म्हणजे हे काम माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. मधला एक ‘ॲम’ गेला, ‘हँडलिंग’चं ‘हँडल’ झालं आणि अकरा वर्षं भूतकाळात जमा झाली.

चूक तिची होती असं मला म्हणवत नाही. ‘यूज्ड टू’ मीच तिला यादीत दिलं होतं. दोन ओळी, दोन अर्थ, झालं, पुढे चला. तिने ते पाठ केलं. पण पाठ होणं वेगळं आणि ओळख होणं वेगळं. हा फरक मराठीत आपल्याला चांगला कळतो. इंग्रजीत तो कसा सांगायचा, तेवढंच आज पाहू.

आधी एक गंमत. ही तीन वाक्यं ऐका. ‘मला तो रस्ता माहीत आहे.’ ‘मी त्या बाईंना ओळखते.’ ‘मला कन्नड येतं.’ तीन वाक्यं, तीन क्रियापदं. माहीत असणं, ओळखणं, येणं. आता इंग्रजीत म्हणा. ‘आय नो दॅट रोड.’ ‘आय नो हर.’ ‘आय नो कन्नडा.’ तिन्ही ठिकाणी एकटं ‘नो’. फ्रेंच आणि जर्मनसारख्या भाषांतही माहिती असण्याला एक आणि ओळख असण्याला दुसरं क्रियापद आहे. इंग्रजीने मात्र सगळा भार एकट्या ‘नो’वर टाकला.

मग इंग्रज माणूस किती ओळख, कशी ओळख हे सांगतो तरी कसं? तो ‘नो’ला सोबती देतो. ‘नो ऑफ’, ‘नो अबाउट’, ‘नो बाय साइट’, ‘नो बाय हार्ट’, ‘नो इनसाइड आउट’. मराठी बरेचदा क्रियापद बदलते, इंग्रजी क्रियापद तेच ठेवून त्याची संगत बदलते. आजच्या भागातलं हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुष्कळ.

या संगतीलाच भाषेच्या अभ्यासात ‘कोलोकेशन’ म्हणतात. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ठासून मांडला. हे फर्थ तरुणपणी लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्यांच्याही आधी, १९३३ साली, हॅरल्ड पामर यांनी इंग्रजी शब्दांच्या अशा जोड्यांवरचा अहवाल छापला, तो टोकियोत! जपानी विद्यार्थ्यांना व्याकरण येई, शब्द येत, पण कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो हे कळत नसे. म्हणजे ही अडचण आपली एकट्याची नाही. ती इंग्रजी बाहेरून शिकणाऱ्या प्रत्येकाची आहे.

चला, आता पायरी पायरीने चढू. प्रत्येक पायरीला आधी मराठी म्हणणार आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक पायरीला शब्द आहेच.

पहिली पायरी, ‘नाव कानावर आलंय’.

‘आय हॅव हर्ड ऑफ इट’ किंवा ‘आय नो ऑफ इट’. इथे तो ‘ऑफ’ फार महत्त्वाचा. ‘आय नो हिम’ म्हणजे माझी त्याची ओळख आहे, आम्ही बोललोय. ‘आय नो ऑफ हिम’ म्हणजे असा एक माणूस आहे हे मला माहीत आहे, बस. आपल्यापैकी कितीतरी जण एखाद्या नटाबद्दल बोलताना ‘आय नो हिम’ म्हणून जातात आणि समोरचा विचारतो, अरे वा, कशी काय ओळख? मग पंचाईत. आणि ‘आय नो अबाउट हिम’ म्हणजे त्याच्याविषयी थोडीफार माहिती आहे, कधी कधी तर त्याच्या भानगडीही ठाऊक आहेत असा सूर लागतो. तेव्हा जपून.

नाव ऐकल्यासारखं वाटतंय पण आठवत नाही, तेव्हा म्हणायचं ‘दॅट नेम रिंग्ज अ बेल’. मनात कुठेतरी घंटा वाजली. नाहीच वाजली तर ‘इट डझन्ट रिंग अ बेल’. साधं हवं असेल तर ‘साउंड्स फॅमिलियर’.

दुसरी पायरी, ‘चेहऱ्याने ओळखते’.

रोज सकाळी ७:४२ च्या लोकलला समोर बसणाऱ्या बाई. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. पण त्या एक दिवस दिसल्या नाहीत तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यांच्याविषयी म्हणायचं ‘आय नो हर बाय साइट’. मान हलवण्यापुरती, हसण्यापुरती ओळख असेल तर ‘नॉडिंग ॲक्वेंटन्स’. ‘नॉड’ म्हणजे मान डोलावणं. किती चपखल आहे बघा. आणि उलट प्रकार असतो. नाव माहीत आहे, कधी पाहिलं नाही. तेव्हा ‘आय नो हिम बाय नेम’. चेहरा कुठेतरी पाहिलाय पण कुठे ते आठवत नाही, तेव्हा ‘यू लुक फॅमिलियर’.

तिसरी पायरी, ‘तोंडओळख’ आणि ‘कामापुरतं येतं’.

विषयाची नुसती तोंडओळख असेल तर ‘आय हॅव अ पासिंग ॲक्वेंटन्स विथ इट’. हे जरा पुस्तकी झालं. बोलताना ‘आय ॲम व्हेगली फॅमिलियर विथ इट’ जास्त सोपं. पण मला या पायरीवरचा सगळ्यात आवडता शब्दबंध आहे ‘वर्किंग नॉलेज’. ‘आय हॅव अ वर्किंग नॉलेज ऑफ गुजराती.’ कामापुरती गुजराती येते. दुकानात भाव करता येतो, पण कविता नका विचारू. बायोडाटात लिहायला हा शब्द फार सोयीचा आणि प्रामाणिक आहे. ‘नॉलेज’च्या आधी एरवी ‘अ’ लावत नाहीत, पण ‘अ वर्किंग नॉलेज’, ‘अ गुड नॉलेज’ असं विशेषण आलं की हा ‘अ’ येतो.

आणि इथेच एक खड्डा आहे. ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे थोडाफार अनुभव आहे. ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स’ म्हणजे जवळजवळ नाहीच! एका अक्षराचा फरक. नम्रपणे बोलायला गेलो आणि स्वतःलाच बाद करून बसलो, असं व्हायला नको.

चौथी पायरी, ‘चांगली ओळख आहे’. ही ‘फॅमिलियर’ची खरी जागा.

आधी उच्चार. आपण ‘फॅमिली’वरून ‘फॅमिलियर’ म्हणतो आणि ‘फॅ’वर जोर देतो. इंग्रजीत तो जवळपास ‘फमिलिअर’ असा होतो आणि जोर ‘मि’वर येतो. पण आपला अंदाज चुकीचा नाही बरं का. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘फमिलिया’ म्हणजे घरातली सगळी माणसं, नोकरचाकरांसकट. जे घरातलं, ते ‘फॅमिलियर’. आणि आपण काय म्हणतो? दाट ओळख झाली की ‘घरोबा’ झाला म्हणतो! दोन भाषा, हजारो मैलांचं अंतर आणि ओळखीसाठी दोघींनाही घरच आठवलं. प्रसिद्ध माणसाला इंग्रजीत ‘हाउसहोल्ड नेम’ म्हणतात, आपण म्हणतो ‘घराघरात पोचलेलं नाव’.

आता ‘फॅमिलियर विथ’ आणि ‘फॅमिलियर टू’. यात वर्गातले निम्मे लोक गोंधळतात, पण मराठीची किल्ली लावली की कुलूप उघडतं. ‘मी त्या कामाशी परिचित आहे.’ ‘ते काम मला परिचित आहे.’ पहिल्यात ‘-शी’, दुसऱ्यात ‘मला’. ‘-शी’ आला की ‘विथ’, ‘मला’ आला की ‘टू’. ‘आय ॲम फॅमिलियर विथ द वर्क.’ ‘द वर्क इज फॅमिलियर टू मी.’ झालं! माणूस आधी आला तर ‘विथ’, वस्तू आधी आली तर ‘टू’. वेगळा नियम पाठ करायची गरज नाही, तो आपल्या भाषेत आधीच बसलेला आहे.

किती परिचित, ते सांगायला ‘फॅमिलियर’च्या आधी सोबती येतात. ‘व्हेगली फॅमिलियर’ म्हणजे अंधूक. ‘रीझनेबली फॅमिलियर’ म्हणजे बऱ्यापैकी. ‘थरली फॅमिलियर’ म्हणजे पक्कं. आणि ‘ऑल टू फॅमिलियर’ म्हणजे इतकं परिचित की आता नकोसं झालंय. जोराचा पाऊस, रुळांवर पाणी, लोकल बंद, खांद्यावर बॅगा घेऊन रुळांवरून चालणारी माणसं. मुंबईकरांसाठी हे दृश्य ‘ऑल टू फॅमिलियर’. चांगल्या गोष्टीला हे सहसा वापरत नाहीत. आईच्या हातची आमटी ‘ऑल टू फॅमिलियर’ म्हणालात तर आई जेवायला वाढणार नाही!

माणसांच्या बाबतीत अजून एक सावधगिरी. ‘ही वॉज टू फॅमिलियर विथ मी’ याचा अर्थ तो मला फार चांगला ओळखत होता, असा नाही. तो माझ्याशी नको इतकी सलगी करत होता, लगट करत होता, अशी ती तक्रार आहे. म्हणून सहकाऱ्याबद्दल सांगताना ‘आय नो हर वेल’ म्हणा. एकमेकांना नावाने हाक मारण्याइतकी ओळख असेल तर ‘वी आर ऑन फर्स्ट-नेम टर्म्स’. आपल्याकडे ‘अहो’चं ‘अगं’ होतं ना, साधारण तसंच.

मघाचं ‘यूज्ड टू’ याच पायरीवरचं. ‘फॅमिलियर’ हे डोक्याचं, ‘यूज्ड टू’ हे अंगाचं. रात्रपाळी काय असते हे मला माहीत आहे, ते ‘फॅमिलियर विथ नाइट शिफ्ट्स’. रात्रपाळी मला झेपते, सवयीची झाली आहे, ते ‘यूज्ड टू नाइट शिफ्ट्स’. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ असेल तर सवय, त्याच्यापुढे नाम किंवा ‘-इंग’चं रूप. नुसतं ‘यूज्ड टू’ आणि पुढे मूळ क्रियापद असेल तर पूर्वीची, आता सुटलेली गोष्ट. आणि ‘मी रोज करत असते’ हे सांगायला काहीच लागत नाही, साधा वर्तमानकाळ पुरतो. ‘आय हँडल व्हेंटिलेटर पेशंट्स एव्हरी डे.’

पाचवी पायरी, ‘खडान्‌खडा माहिती’.

‘आय नो इट इनसाइड आउट.’ आतून-बाहेरून. गाव, रस्ता, परिसर असेल तर ‘लाइक द बॅक ऑफ माय हँड’. कविता, नंबर, श्लोक असेल तर ‘बाय हार्ट’. मात्र आपण म्हणतो तसं ‘मी ते बायहार्ट केलं’ याचं ‘आय बायहार्टेड इट’ करू नका. ‘आय लर्न्ट इट बाय हार्ट’ किंवा ‘आय नो इट बाय हार्ट’. विषयात पारंगत असेल तर ‘वेल व्हर्स्ड इन’. इथे ‘विथ’ नाही, ‘इन’.

ओळख किती जुनी, हे सांगतानाही आपण हमखास घसरतो. ‘मी त्याला पाच वर्षांपासून ओळखतो.’ मराठीत वर्तमानकाळ, म्हणून आपण म्हणतो ‘आय नो हिम सिन्स फाइव्ह इयर्स’. इंग्रजीत हवं ‘आय हॅव नोन हिम फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ सांगायचा असेल तर ‘फॉर’, कधीपासून सांगायचं असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर फाइव्ह इयर्स’, ‘सिन्स २०१९’. आपल्याकडच्या चारित्र्याच्या दाखल्यात ‘पर्सनली नोन टू मी’ अशी ठरीव ओळ असते. ती दाखल्यावर शोभते. पण गप्पांमध्ये मित्राची ओळख करून देताना ‘ही इज पर्सनली नोन टू मी’ म्हणालात तर तुम्ही खाली शिक्का मारणार की काय, असं वाटेल.

हुश्श. बरंच झालं. आता सिस्टरकडे परत येते.

तिने दुसऱ्या ठिकाणी अर्ज केला. या वेळी मी यादी दिली नाही. म्हटलं, तुझ्या वॉर्डातली सगळी यंत्रं, सगळी कामं एका वहीत लिही. प्रत्येकासमोर मराठीत लिही, ओळख किती? तिने लिहिलं. ‘डोळे मिटून करते.’ ‘रोजचंच आहे.’ ‘दोनदा पाहिलंय.’ ‘कामापुरतं.’ ‘फक्त नाव ऐकलंय.’ मग आम्ही दोघींनी बसून प्रत्येक ओळीपुढे इंग्रजी लिहिलं. चार संध्याकाळी गेल्या. वाक्यं जेमतेम पंचवीस. पण प्रत्येक वाक्य खरं होतं आणि तिचं होतं.

मुलाखतीत त्यांनी तिला एका अशा मॉडेलबद्दल विचारलं, जे तिने कधी वापरलं नव्हतं. पूर्वीची ती असती तर घाबरून ‘यस, आय नो’ म्हणाली असती, हे तिनेच मला सांगितलं. या वेळी ती म्हणाली, “आय ॲम नॉट फॅमिलियर विथ दॅट मॉडेल. आय ॲम यूज्ड टू वर्किंग विथ अ सिमिलर वन.” ते मॉडेल मला परिचित नाही, त्यासारख्याच दुसऱ्यावर काम करायची सवय आहे. समोरची बाई हसली आणि म्हणाली, हे प्रामाणिकपणे सांगितलंस ते बरं केलंस, इथे येऊन शिकशील. ती नोकरी तिला मिळाली.

मला नोकरीइतकंच त्या ‘नॉट फॅमिलियर’चं कौतुक वाटतं. विचार करा, ती बाई रात्री दोन वाजता कुणाच्या तरी वडिलांच्या उशाशी उभी असणार आहे. तिथे ‘येतं’ आणि ‘पाहिलंय’ यातला फरक ही व्याकरणाची गोष्ट राहत नाही. आपल्याला वाटतं, इंग्रजी चांगलं म्हणजे मोठं मोठं बोलणं. नाही हो. जेवढं आहे तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही, सांगता येणं म्हणजे चांगलं इंग्रजी. चांगलं मराठीसुद्धा तेच.

‘अतिपरिचयात अवज्ञा’ म्हणतात. इंग्रजीतही तीच म्हण आहे, ‘फमिलिॲरिटी ब्रीड्स कंटेम्प्ट’. माझं त्या ‘यूज्ड टू’शी तसंच झालं होतं. इतक्या वेळा शिकवलं की त्याच्याकडे नीट बघायचंच राहून गेलं. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली.

तर आजचा गृहपाठ. एक कागद घ्या. तुमच्या कामातल्या दहा गोष्टी लिहा. दुकान असेल तर दुकानातल्या, शेती असेल तर शेतातल्या, ऑफिस असेल तर ऑफिसातल्या. प्रत्येकीसमोर आधी मराठीत, अगदी तुमच्या घरच्या बोलीत, ओळख किती ते लिहा. मग त्याला आजच्या पाच पायऱ्यांतला इंग्रजी सोबती शोधा आणि वाक्य मोठ्याने म्हणा. निदान एक वाक्य ‘आय ॲम नॉट फॅमिलियर विथ’ने सुरू होऊ द्या. ते म्हणताना जीभ अडखळते का बघा. माझी अडखळली होती.

तुमची वाक्यं मला नक्की पाठवा, अडेल तिथे विचारा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या, बोलत राहा. नमस्कार!